उतरायची खुर्ची

"आज थोडं जास्त झालं, काका," समोर ऐकायला बसलेली बाई म्हणाली. मला लागू नये अशा बेतानं, अगदी हळू म्हणाली, आणि म्हणूनच ते लागलं. मी तेव्हा तिसऱ्या खुर्चीत बसलो होतो. त्या खोलीत तीन खुर्च्या असतात. एक ऐकणाऱ्याची, एक सांगणाऱ्याची, आणि तिसरी भिंतीला टेकवून ठेवलेली, उतरायची. तास संपला की सांगणाऱ्यानं आपल्या खुर्चीतून उठायचं, दोन्ही हात झटकायचे, तिसऱ्या खुर्चीत येऊन बसायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी तो माणूस नाही." मग आपण खरे कोण ते सांगायचं, आणि आता घरी जाऊन काय करणार तेही. घेतलेलं सोंग अंगाला चिकटून राहू नये म्हणून ही पद्धत. मी हात झटकले होते. मी तो माणूस नाही, मी पुस्तकांच्या सूच्या करणारा एक निवृत्त माणूस आहे, आता घरी जाऊन सकाळी वाळत टाकलेले कपडे काढणार आहे, असं सगळं रीतसर म्हणालो होतो. म्हणताना जीभ जड झाली होती, पण ती बारा आठवड्यांत पहिल्या दिवसापासूनच जड होती. तिच्या ते लक्षात यायचं कारण नव्हतं. तास सुरू झाला तेव्हा त्या दुसऱ्या खुर्चीत नेहमीप्रमाणे एक बनवलेला माणूस बसला होता. मध्येच केव्हा तरी तो उठून गेला आणि मी एकटा उरलो, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

हे केंद्र टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. जिन्यात रबराचा वास असतो आणि वर बोलणं रंगात आलं की खाली कुणीतरी चाकावर हातोडा घालतं. खोल्या प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेल्या. एका खोलीतलं दुसरीत ऐकू जाऊ नये म्हणून मधल्या बोळात एक रेडिओ ठेवलाय, कुठल्याच स्टेशनवर न लावलेला. तो दिवसभर नुसता खरखरतो. कुणाची कल्पना होती कोण जाणे, पण स्वस्तात भिंत बांधायची याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही. मन मोकळं करायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्यासाठी हे केंद्र आहे. इथे फी सगळ्यांना सारखी नसते. ज्याची एका तासाची जी कमाई, तीच त्याची एका तासाची फी. ज्याची काहीच नाही, त्याची काहीच नाही. हे जमतं, कारण ऐकायला बसतात ते शिकाऊ असतात, दिवसा दुसरी नोकरी करणारे. आणि खऱ्या माणसासमोर बसण्याआधी प्रत्येक शिकाऊला साठ तास खोट्या माणसांसमोर बसावं लागतं. ती खोटी माणसं म्हणजे आम्ही. आम्हाला दर वेळी एक चिठ्ठी मिळते: धंदा बुडालेला, किंवा झोप न येणारा, किंवा मुलाशी न पटणारा. चिठ्ठी वाचायची, दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि आत जाऊन ते दुःख सांगायचं. याला तालीम म्हणतात. गुरुवारी मी तालमीला जातो असं एकदा इस्त्रीवाल्याला सांगितलं, तर तो माझ्या दंडांकडे पाहत राहिला.

मी काही खोटा माणूस व्हायला तिथे गेलो नव्हतो. ताई जाऊन नऊ महिने झाले होते. चष्म्याची काडी बदलायला त्या रस्त्यानं चाललो होतो आणि टायरच्या दुकानावरची पाटी दिसली. पाट्या वाचत चालणं ही माझी जुनी खोड. लहानपणी ताई हात धरून ओढायची. पाटीवर लिहिलं होतं, परवडेल त्या फीत मनाचे ऐकणारे. मी ती दोनदा वाचली. वर गेलो ते फक्त एवढंच विचारायला की ही पाटी इथे कधीपासून आहे. टेबलाशी बसलेला नोंदणीवाला फोनवर होता. त्यानं मला पाहिलं, फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाटक मंडळाकडून ना? या या, उशीर केलात!" आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. नाटक मंडळातून कुणी येणार होतं, ते आलं नव्हतं. मला नाही म्हणता आलं नाही. मला आयुष्यात टेबलापलीकडच्या माणसाला कधीच नाही म्हणता आलेलं नाही. बाहेर आल्यावर मात्र मी विचारलं. "पाटी?" तो म्हणाला, "अकरा वर्षं झाली की. ऊन खाऊन खाऊन निम्मी अक्षरं गेली होती, परवाच रंगवली." अकरा वर्षं. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. मी जिना उतरताना पायऱ्या मोजल्या, दुसरं काही मनात येऊ नये म्हणून.

त्या गुरुवारी, म्हणजे जास्त झालं त्या दिवशी, चिठ्ठीत होता एक एकटा राहणारा माणूस, घरात वस्तू साठवणारा, काही टाकून न देऊ शकणारा. समोर नेहमीचीच बाई होती. मी मनात तिला कंडक्टरबाई म्हणतो, कारण ती नऊ वर्षं बसवर कंडक्टर आहे आणि सकाळची पाळी संपवून तशीच येते. कधी कधी खांद्यावर पट्ट्याचा वळ दिसतो. शिकायला का आलात, असं मी तिला एकदा उतरायच्या खुर्चीतून विचारलं होतं. ती म्हणाली, "लोक मला तिकीट घेता घेता सगळं सांगतात हो काका. नवऱ्याचं, सासूचं, दुखण्याचं. पुढचा स्टॉप आला की उतरून जातात. मला वाटलं, एकदा तरी कुणाला शेवटपर्यंत ऐकावं." ती ऐकते तेव्हा हात मांडीवर उताणे ठेवते. मी साठवणाऱ्या माणसाचं बोलू लागलो. घरात खोकी आहेत म्हणालो. खोक्यांत काय, तिनं विचारलं. कागदाचे तुकडे, मी म्हणालो, शब्दांचे, प्रत्येक तुकड्यावर एक शब्द आणि पानाचा आकडा. हे चिठ्ठीत नव्हतं. हे माझं होतं. सूची करताना असेच तुकडे करतात. आणि काय आहे घरात, तिनं विचारलं. शिवणयंत्र, मी म्हणालो. ते कोणाचं? मग मी थांबू शकलो नाही.

ताई शाळेचे गणवेश शिवायची, कारखान्याचं काम घरी आणून. ती बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. मध्ये दार नव्हतं, पडदा होता. तिनं लग्न केलं नाही ते माझ्या शिक्षणासाठी, आणि मी केलं नाही ते... मला वाटतं, कुणी विचारलं नाही म्हणून. सव्वीस वर्षं आम्ही असे राहिलो. यंत्राचा आवाज आणि पान उलटल्याचा आवाज. ती मध्येच पडद्याशी येऊन उभी राहायची, मी बोट ओळीवर ठेवून वर बघायचो, ती म्हणायची, "वाचतोयस ना, मग राहू दे." मला ते समजूतदारपणाचं वाटायचं. मी लोकांना सांगायचो, माझी बहीण फार समजूतदार आहे. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी पुलांच्या बांधकामावरच्या एका जाड पुस्तकाची सूची करत होतो. यंत्र थांबलं. नेहमी दोरा संपला की थांबतं तसं नाही, बराच वेळ थांबलं. मग पडद्यापलीकडून ताईनं विचारलं, "काय रे, मनाचे डॉक्टर असतात ते किती घेत असतील?" मला उत्तर माहीत होतं. त्याच आठवड्यात पेपरात वाचलं होतं. मी म्हणालो, "एका वेळचे तुझ्या महिन्याच्या निम्म्या कमाईएवढे." ती म्हणाली, "अगं बाई!" आणि जरा वेळानं यंत्र सुरू झालं. एवढंच. का विचारतेस, हे मी विचारलं नाही. आठवतो तो एक क्षण फार वाईट आहे: उत्तर चटकन सापडल्याचा मला आनंद झाला होता. मी शांतपणे 'कमान, दगडी' या नोंदीकडे वळलो होतो. इथल्या हिशेबानं ताईला सात कॉलर लावून जे मिळे तेवढ्यात एक तास मिळाला असता. सात कॉलर. ती सकाळच्या चहाआधी लावायची.

हे सगळं मी कंडक्टरबाईला सांगितलं, आणि शेवटी माझ्या घशातून एक आवाज आला. रडणं म्हणावं असा नव्हता. जुन्या कपाटाचं दार उघडल्यासारखा होता. ती हलली नाही. पुढे झुकली नाही, कागदी रुमाल सरकवला नाही. तिला शिकवल्याप्रमाणे, किंवा शिकवल्याहून चांगली, ती नुसती बसून राहिली. बाहेर रेडिओ खरखरत होता. त्या पाचएक मिनिटांत मी एकटा नव्हतो. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते तसंच होतं. मग घड्याळ वाजलं, मी उठलो, हात झटकले, आणि तो माणूस मी नाही असं म्हणालो.

"म्हणजे सुरुवात फार छान होती," ती पुढे म्हणाली. तालीम झाल्यावर दोघांनी एकमेकांना कसं वाटलं ते सांगायचं असतं. "खोकी वगैरे एकदम पटलं. पण मग बहीण आली ना, ते जरा पुस्तकातल्यासारखं वाटलं. खरी माणसं इतकं ओळीनं नाही सांगत. आणि ते फीचं. असं कुणी विचारतं का? ती म्हणेल ना, मला बरं वाटत नाहीये म्हणून. डॉक्टर किती घेतो, असं कशाला विचारेल?" मी म्हणालो, "हो, तेही खरंच." "रागावला नाहीत ना?" "छे छे." "पुढच्या गुरुवारी माझा साठावा तास. मोठ्या बाई बसणार आहेत बघायला. तेव्हा जरा साधंच घ्या हं, काका."

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. लाँड्रीत काम करणारी असावी. बोटं पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात मुरलेली. ती आठवडा आधीच आली होती. नोंदणीवाला तिला समजावत होता, "पुढचा गुरुवार, मावशी. तुमच्या बाई अजून तयार व्हायच्यात." ती म्हणाली, "इथं नुसतं बसलं तर चालंल ना?" तो म्हणाला, बसा. ती बसून राहिली, मांडीवर पिशवी घेऊन, जणू बसण्याचाही काही भाग आजच उरकता येतो. मी टेबलाशी रेंगाळलो. "हिरो, आज डोळे लाल," नोंदणीवाला म्हणाला, "फारच रंगलेलं दिसतंय." मी सहज विचारल्यासारखं केलं, "समजा, तालमीत एखाद्यानं खरंच स्वतःचं सांगितलं तर?" "तर तास बाद," तो म्हणाला. "आणि नुसता तो नाही, त्या माणसाबरोबरचे सगळेच बाद. मागे एका आजोबांनी तसं केलं. चांगले होते बिचारे, पण ती शिकणारी दोन महिने मागे गेली आणि तिच्या नावावर ठेवलेली माणसं तशीच लटकली. खरं बोलायचं तर इकडच्या वहीत नाव द्यायचं, नंबरानं यायचं. तालमीत घुसून नाही." आणि त्यानं हिरव्या वहीवर टिचकी मारली. त्या वहीत एकेचाळीस नावं होती.

तो आठवडा मी वाचू शकलो नाही. पुस्तक उघडायचो, बोट ओळीवर ठेवायचो, आणि बोटाकडेच बघत बसायचो. कपडे तारेवरच राहिले. सोमवारी माझ्या लक्षात आलं की शनिवारपासून मी कुणाशी बोललो नाही, म्हणून आवाज येतो का पाहायला मी "बरं" म्हणालो. मनात एकच गोष्ट फिरत होती. त्या पाच मिनिटांसारखी आणखी पाच मिनिटं मिळावीत. तिला म्हणावं, बाई, ते पुस्तकातलं नव्हतं. असं विचारणारी माणसं असतात, मनाचं विचारायचं धाडस होत नाही म्हणून किमतीचं विचारतात. तिनं ते तरी मानावं. माझं राहू दे, पण ताईचं खोटं ठरलं याचा मला त्रास होत होता. उलट बाजूला ती पांढरी बोटं होती. आणि माझं मन असं भित्रं की त्यातही मला संशय: मी त्या लाँड्रीवाल्या मावशीचा विचार करतोय, की नुसतं गप्प राहायला एक चांगलं कारण शोधतोय? सव्वीस वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला गप्प राहण्याची कारणं पटापट सापडतात. ताई गेली ती साध्या न्यूमोनियानं. मनाचा त्याच्याशी काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य मी खिशात ठेवून हिंडतो. शेवटच्या वर्षी ती लावलेल्या चांगल्या कॉलरी उसवायची आणि पुन्हा लावायची. उसवण्याला आवाज नसतो. मला वाटायचं, ती विश्रांती घेतेय.

गुरुवारी मोठ्या बाई, म्हणजे या सगळ्यांना शिकवणाऱ्या, कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. चिठ्ठीत महिनाभरात निवृत्त होणारा एक बँकेतला माणूस होता, घरी बसायच्या भीतीचा. मी तो इतका वाईट केला की नाटक मंडळानं मला जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. पण कंडक्टरबाई चांगली होती. तिनं घाई केली नाही, सल्ला दिला नाही, आणि एकदा खाली हातोडा पडला तेव्हा तो थांबेपर्यंत ती थांबली, जणू तोही काही सांगत होता. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बँकेतल्या माणसाचंच बोललो. तास झाला. मी उठलो, हात झटकले, मी तो माणूस नाही म्हणालो, आणि या वेळी ते खरं असल्यामुळे फार सोपं गेलं. मोठ्या बाईंनी कागदावर सही केली, "उत्तम," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मी पिशवी उचलली तर कंडक्टरबाई दाराशी आडवी उभी. "काका, एक विचारू?"

"विचारा की."

"मागच्या वेळची चिठ्ठी मी नंतर वाचली. त्यात बहीण नव्हती."

मी पिशवीचे बंद नीट करू लागलो. "नव्हती. मी घातली."

"खोटं नका बोलू माझ्याशी. खरं असेल तर मला बाईंना आत्ताच्या आत्ता सांगावं लागेल. सही झाली असली तरी. तासांचं जाऊ दे हो, पण मी खऱ्या माणसाला 'जास्त झालं' म्हणाले असेन तर मी कसली ऐकणारी? आठ दिवस डोक्यातून जात नाहीये. तिकिटं चुकीची फाडली काल." तिचे डोळे खरोखर जागरणाचे होते. "तुम्हाला बहीण होती का, काका?"

फळीपलीकडून रेडिओ ऐकू येत होता, आणि त्यापलीकडे, नोंदणीवाला कुणाला तरी म्हणत होता, झालंच हं मावशी, बोलावतील आता.

"नाही," मी म्हणालो.

"कधीच नव्हती?"

"मी एकटाच. आईबापांना एकटाच." आणि पटावं म्हणून मी हसलोसुद्धा. "जन्मभर पुस्तकं वाचली, दुसरं काय केलंय? त्यातलंच कुठलं तरी आलं असेल तोंडात. तुम्ही बरोबर ओळखलंत."

तिचे खांदे खाली आले. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि माझ्या दंडाला हात लावला; तासात तसं चालत नाही, पण तास संपला होता. "देवा! जीव भांड्यात पडला. काका, तुम्ही लिहायला पाहिजे खरं तर. थोडं कमी करून." "बघू," मी म्हणालो. मग ती बोळात गेली आणि बसच्या दारात उभी असल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाली, "या मावशी, आत या." मावशी उठली, पिशवी बाकावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि आत गेली. दार लागलं. नोंदणीवाल्यानं जाऊन रेडिओचा आवाज वाढवला.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलो होतो. एका वाक्यात मी ताईला पुसून टाकलं होतं, आणि ते मला इतकं छान जमलं होतं की समोरच्या माणसाला बरं वाटलं होतं. खाली ऊन होतं, टायरवाले कशावर तरी मोठ्यानं हसत होते. घरी जाऊन तारेवरचे कपडे काढता आले असते. पाय उचलला, तो तसाच राहिला, आणि मागे फिरलो ते मी ठरवून फिरलो असं मला म्हणता येणार नाही.

"काय विसरलात हिरो?" नोंदणीवाला म्हणाला. "पुढच्या बॅचला या हं. मोठ्या बाईंनी तुमचं नाव मुद्दाम—"

"नाव लिहायचं होतं."

"आहे की लिहिलेलं. तालमीच्या वहीत."

"त्या वहीत नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काही तरी विनोद त्याच्या ओठावर आला होता, तो त्यानं आवरला. बाजूची खुर्ची पायानं पुढे ओढली आणि हिरवी वही उघडली. "बसा. कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"साडेचार महिने लागतील. कमीत कमी."

"हो."

"आणि या बाई नाही मिळणार तुम्हाला. ज्यांच्याशी तालीम केली, त्यांच्याकडे पाठवत नाही आम्ही. दुसरं कुणीतरी असेल, अनोळखी."

"माहीत आहे मला."

त्यानं रेघ आखली. माझ्यापुढे आता चाळीस माणसं होती, आणि मागे जो कुणी येईल त्याला मी एका नंबरानं मागे ढकलत होतो, हेही मनात आलंच. मी उठलो नाही, इतकंच. त्यानं पेन झटकलं. "एका ओळीत लिहावं लागतं, काय होतंय ते. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा, काका." पहिल्यांदाच तो मला हिरो म्हणाला नाही.

मी एकदा खाकरलो.

"मला एक बहीण होती," मी म्हणालो.